कूलरशेजारचे दार: नागपूरच्या घरांतील लाकडाच्या पॉलिशविषयी

नागपूरच्या घरात लाकडाला कोणता लेप द्यावा, या प्रश्नाचा विचार सहसा रंगाच्या दुकानात सुरू होतो आणि छटा, चकाकी व चौरस फुटाचा दर ठरला की तेथेच संपतो. परंतु या शहरात अंतर्गत सजावटीची कामे वर्षानुवर्षे करणाऱ्यांना हळूहळू उमगत जाते ते असे की, लेपाचे आयुष्य, त्यातून घरात व घराबाहेर जाणारी द्रव्ये आणि लेप बिघडल्यावर त्याचे पुढे काय करता येते, या तिन्ही गोष्टी येथील हवेशी इतक्या जखडलेल्या आहेत की मुंबईच्या दमट घरात चांगली ठरलेली निवड येथे जशीच्या तशी चालत नाही. पर्यावरणाचा विचार त्यात मिसळला म्हणजे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण डब्यावर छापलेले हिरवे पान फार तर लेप लावण्याच्या आठवड्याविषयी काही सांगते, आणि लाकूड मात्र घरात तीस-चाळीस वर्षे नांदायचे असते.

लाकूड हवेतील ओल घेत आणि सोडत राहते. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे एखाद्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेली वाफ, २० टक्क्यांच्या आसपास उतरली की लाकडातील पाण्याचे प्रमाण ४ ते ५ टक्क्यांवर स्थिरावू पाहते, आणि तीच आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते १६ टक्क्यांच्या जवळ पोचते. नागपुरात पारा ४५ अंशांवर चढलेल्या मे महिन्याच्या दुपारी पहिली अवस्था असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी. सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांत गणले जाते, तरीही वार्षिक वलयांना स्पर्शून चिरलेली त्याची एक फूट रुंदीची फळी या दोन टोकांपर्यंत पूर्णपणे गेली तर पाच-सहा मिलिमीटरने रुंद किंवा अरुंद होऊ शकते. येथपर्यंतचे वर्णन मोसमी पावसाच्या कोणत्याही उष्ण प्रदेशाला लागू पडेल. नागपूरचे वेगळेपण कूलरमध्ये आहे. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि त्यामुळे अंगणातली तुळस दुपारी माना टाकत असताना त्या एका खोलीत आषाढाची हवा तयार होते. कूलरच्या झोतासमोरचे दार मग भर मे महिन्यात फुगून चौकटीत अडकते आणि खांद्याने ढकलून उघडावे लागते, तर त्याच घरात झोत न पोचणाऱ्या खोलीतल्या दाराच्या फळ्यांमध्ये त्याच आठवड्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडते. बाहेरगावाहून आलेला सुतार अडकणारे दार पाहून त्याच्या कडेवर रंधा मारतो आणि दिवाळीनंतर ते दार चौकटीत खुळखुळू लागते.

हे सांगण्याचे कारण असे की, कोणताही लेप लाकडाची ही हालचाल थांबवू शकत नाही. तो ओलीची ये-जा केवळ मंदावतो. लेपांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही लेप पृष्ठभागावर पापुद्रा धरतात, तर काही लाकडात मुरतात आणि वर फारसे काही ठेवत नाहीत. पापुद्रा जितका कडक तितका तो ओरखड्यांना व पाण्याला दाद देत नाही, पण खालचे लाकूड हलले की दाराच्या उभ्या आणि आडव्या पट्ट्या जिथे जुळतात त्या सांध्यावर तोच प्रथम तडकतो, तड्यातून ओल आत शिरते, आणि काही वर्षांत तिथून पॉलिशचे पोपडे निघू लागतात. अशा वेळी तेवढ्याच जागी डागडुजी करता येत नाही. संपूर्ण दार खरवडावे लागते, किंवा डायक्लोरोमिथेनसारखे घातक द्रव्य असलेले रिमूव्हर चोपडून पापुद्रा उचलावा लागतो. पर्यावरणाच्या हिशेबात या दिवसाची नोंद सहसा कुठेच नसते. प्रत्यक्ष कामांचा अनुभव मात्र असा आहे की, लेपाची खरी परीक्षा लावण्याच्या दिवशी होत नसून तो बिघडलेल्या दिवशी होते, आणि ज्या लेपावर नवा हात फिरवता येतो तोच लेप लाकडाला घरात टिकवून धरतो. ज्याचा पापुद्रा काढण्याची मजुरी नव्या दाराच्या किमतीशी स्पर्धा करू लागते, ते दार अखेरीस भंगारात जाते. नागपूरच्या लकडगंज लाकूडबाजारात येणारा चांगला सागवान साठ-ऐंशी वर्षांच्या वाढीचा असू शकतो, आणि ज्या आलापल्ली-बल्लारशाह पट्ट्यातले सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी पाठवले गेले, तिथल्या जंगलाला तेवढी वर्षे परत द्यावी लागतात. या मापाने पाहिल्यास पॉलिशच्या एका डब्यातील द्रव्यांचा प्रश्न दुय्यम ठरतो. तो क्षुल्लक मात्र नाही.

बाजारात प्रचलित असलेल्या लेपांपैकी एनसी लॅकर हे नायट्रोसेल्युलोजचे, म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसाच्या वा लाकडाच्या तंतूंचे द्रावण असते. फवारणीयोग्य पातळ केल्यावर त्यात घन भाग साधारण चतुर्थांशाच्या आसपास उरतो आणि बाकीचे सारे थिनर म्हणून हवेत उडून जाते. अशा उडून जाणाऱ्या कार्बनी द्रव्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. कडक उन्हात वाहनांच्या आणि कोळशाच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्यांची गाठ पडली की जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, जो श्वसनमार्गाला जाचतो. नागपुरात ऊन मुबलक आहे आणि कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रेही शहराच्या उशाशीच आहेत. मेलामाइन पॉलिशमध्ये आम्ल मिसळून राळ घट्ट केली जाते, आणि त्या क्रियेत फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते, ज्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, दोन डब्यांत येते आणि त्यातील दुसऱ्या डब्यात आयसोसायनेट असते, जे एकदा श्वासनलिकेला बाधले की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्यासारखा त्रास उद्भवू शकतो. पूर्ण वाळलेला पीयूचा थर घरातल्यांना जवळपास निरुपद्रवी असतो, हे न्यायाने सांगायला हवे. धोका आहे तो लावणाऱ्याला. घरमालक पॉलिशच्या वासाने चार दिवस नातेवाइकांकडे जाऊन राहतात आणि घर हवेशीर झाले की परततात, पण कारागीर त्या खोलीतून निघून पुढच्या घराच्या त्याच वासात शिरतो. डब्याच्या चिठ्ठीत सक्रिय कोळशाच्या काडतुसाचा मुखवटा सांगितलेला असतो. प्रत्यक्षात नाकावर ओला दुपट्टा असतो, जो धूळ अडवतो आणि वाफ तशीच आत सोडतो. संध्याकाळी फवारणीची गन धुतलेले थिनर मोरीत ओतले जाते. शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते, त्यामुळे जे मोरीत गेले त्याचा काही अंश गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाण्याची वाट मोकळीच असते.

या पार्श्वभूमीवर जुन्या लाखेच्या पॉलिशकडे, ज्याला सुतारांच्या तोंडी फ्रेंच पॉलिश किंवा नुसते चपड्याचे पॉलिश म्हणतात, पुन्हा पाहणे विदर्भात तरी अगत्याचे आहे. लाख हा झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करणाऱ्या एका सूक्ष्म किडीचा स्राव असून, पळस आणि बोरीवर वाढणाऱ्या जातीला रंगीनी व कुसुमाच्या झाडावर वाढणाऱ्या जातीला कुसुमी म्हणतात; रंगीनीची बैसाखी आणि कातकी अशी दोन पिके निघतात, कुसुमीची जेठवी आणि अघनी. गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात हे पीक घेतले जाते आणि गोंदियात लाख शुद्ध करण्याचा व्यवसायही चालत आला आहे. फांदीवरून खरवडलेली लाख कुटून, धुऊन जे दाणे उरतात ती चौरी, आणि चौरी कापडी नळीत तापवून, गाळून, ताणून जे पातळ पापुद्रे निघतात तो चपडा. रांचीजवळच्या नामकुम येथे १९२४ मध्ये लाखेवर संशोधन करणारी स्वतंत्र संस्था काढावी लागली, यावरून एकेकाळी या जिनसाचे मोल केवढे होते ते कळते. लाखेमुळे पळस उभा ठेवण्याला शेतकऱ्याला काही कारण मिळते, ही बाब एरवी सरपणाच्या वाट्याला जाणाऱ्या या झाडासाठी लहान नाही.

चपड्याचे पॉलिश घरीच तयार होते. एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा घेऊन तो काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत रात्रभर भिजत घालतात, मधूनमधून बरणी हलवतात आणि सकाळी मलमलीतून गाळून घेतात. लोखंडी डबा वापरला तर लाख काळवंडते, म्हणून जुने कारागीर डब्याच्या झाकणाचाही स्पर्श होऊ देत नाहीत. लाकूड आधी १२० च्या आणि मग २२० च्या पॉलिश पेपरने रेषेच्या दिशेने घासून पुसून घेतात. नंतर कापसाचा गोळा जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधून पुडी करतात, तिच्या पोटात पॉलिश मुरवतात आणि तळाला तेलाचे एखादे बोट लावतात, जेणेकरून ती ओढली जाणार नाही. हात लाकडावर टेकण्याआधीच चालता असावा लागतो आणि चालता असतानाच उचलावा लागतो; मध्येच थांबला तर पुडी खालचा ओला थर उपटून काढते आणि तेथे कायमचा ठसा उमटतो. आधी गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, शेवटी सरळ, असे हात फिरत जातात आणि प्रत्येक हाताबरोबर थर केसभराने वाढतो. या कामाचा मोठा गुण असा की, नव्या पॉलिशमधले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात, त्यामुळे आठ-दहा वर्षांनी कूलरसमोरच्या त्याच दारावर सांध्याजवळ तडा दिसला तर तेवढाच भाग हलका घासून दोन-चार हात फिरवले की भागते, आणि उरलेल्या दाराला हात लावावा लागत नाही.

लाखेचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत आणि तिच्या प्रेमात पडलेल्यांनी ते लपवू नयेत. साधारण ७५ अंशांना ती मऊ पडते, म्हणून चहाचा कप थेट ठेवला की वर्तुळ उमटते. पाणी साचले की पांढरा डाग पडतो. आणि अल्कोहोल तर तिचा विद्रावकच असल्याने करोनाच्या काळात सॅनिटायझरच्या थेंबांनी कित्येक घरांतल्या दारांच्या मुठीभोवतीचे पॉलिश खाऊन टाकले. भिजवून ठेवलेले पॉलिश सहा महिन्यांनंतर नीट वाळत नाही, चिकट राहते, म्हणून ते लागेल तेवढेच करावे लागते. पावसाळ्यात लावले तर हवेतली वाफ थरात अडकून ते धुकट दिसते. शिवाय, केवळ बाष्पनशील द्रव्यांचे माप लावले तर लाख नापासच होते: अमेरिकेत लॉस एंजलिस परिसराच्या हवा-नियमांत लाकडाच्या पारदर्शक लेपांना लिटरमागे २७५ ग्रॅमची मर्यादा आहे, आणि लाखेच्या पारदर्शक पॉलिशला स्वतंत्र वर्ग करून ७३० ग्रॅमपर्यंत सूट द्यावी लागली आहे. तरीही उडून जाणारे द्रव्य कोणते, हा प्रश्न उरतो. लाखेतून उडते ते मुख्यतः उसाच्या मळीपासून मिळू शकणारे इथेनॉल, आणि थिनरमधून उडतात टोल्युइन-झायलीनसारखी पेट्रोलजन्य द्रव्ये. एकच आकडा या दोहोंना एका तागडीत घालतो. पिण्यासाठी निरुपयोगी करण्याकरिता स्पिरिटमध्ये कधी मिथेनॉल मिसळलेले असते, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवण्याची गरज लाखेलाही आहेच.

दुसरा देशी पर्याय जवसाच्या तेलाचा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या उभ्या पिकात उतेरा पद्धतीने जवस टाकतात, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या पिकाच्या वाणांवर दीर्घकाळ काम झाले आहे आणि वैदर्भीय ताटात जवसाची चटणी असतेच. पण हेच तेल लाकडाला लावण्याची रीत घराघरांतून जवळजवळ गेली आहे. जवस तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते, म्हणजे ते वाळते असे म्हणतो तेव्हा त्यातून फारसे काही उडून जात नसते, आणि म्हणूनच विद्रावक न मिसळलेल्या तेलात बाष्पनशील द्रव्यांचा प्रश्न जवळपास उरत नाही. घाणीचे कच्चे तेल वाळायला आठवडे लागतात. डबल बॉईल्ड म्हणून मिळणाऱ्या तेलात कोबाल्ट वा मँगनीजची संयुगे घातलेली असल्याने ते दिवसभरात धरते. सागवानाच्या अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे वाळणे लांबते, म्हणून नुकते घासलेले सागवान आधी स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेणे बरे. तेल नेहमी पातळ लावावे आणि अर्ध्या तासाने वरचे सारे पुसून काढावे, नाहीतर चिकट थर बसून त्यावर धूळ कायमची मुरते. एक इशारा मात्र ठळक अक्षरांत देण्यासारखा आहे: तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळताना सुटणारी उष्णता आत कोंडते आणि कोणतीही ठिणगी न पडता ती पेट घेऊ शकतात. मे महिन्यातल्या नागपुरी खोलीत ही शक्यता पुस्तकी राहत नाही. फडकी दोरीवर एकेक करून पसरावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवावीत. निसर्गातले म्हणून निरुपद्रवी, ही समजूत बिबा ठाऊक असलेल्या विदर्भाला तरी शोभत नाही, कारण त्याचे तेलही झाडाचेच असते आणि कातडीवर उतते.

पाण्यावर आधारलेले पीयू हा तिसरा मार्ग. त्यात राळेचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात आणि पाणी उडाले की एकमेकांत मिसळून थर धरतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार लाकडी कामाच्या वार्निशांना २०१० पासून लिटरमागे पाण्याच्या प्रकारात १३० ग्रॅम आणि विद्रावकाच्या प्रकारात ४०० ग्रॅम इतकी बाष्पनशील द्रव्यांची कमाल मर्यादा आहे, यावरून दोहोंतील अंतर ध्यानात येते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा बंधनकारक झाली. बाष्पनशील द्रव्यांबाबत ग्राहकाला आजही डब्यावरच्या दाव्यांवर विसंबावे लागते, आणि तिथे कंपनी कोणतीही घ्या, पळसाला पाने तीनच. म्हणून दुकानदाराकडे तांत्रिक माहितीपत्रक मागून त्यात लिटरमागे किती ग्रॅम लिहिले आहे ते वाचणे, हा एकच उपाय हाती राहतो. उन्हाळ्यात या लेपाचे नागपुरात हाल होतात: दुपारच्या लू वाहत्या हवेत पाणी इतक्या झपाट्याने उडते की कुंचल्याचा पहिला पट्टा दुसरा पट्टा टेकण्याआधीच सुकतो आणि जोड दिसत राहतो. त्यावर तोडगा एवढाच, की काम पहाटे सुरू करून साडेनऊच्या आत आटोपावे आणि पहिल्या हातानंतर उभी राहिलेली लाकडाची लव ३२० च्या पेपरने हलकेच कापून घ्यावी.

फ्लॅटमधील बहुतेक फर्निचर सागवानाचे नसून प्लायवूड किंवा एमडीएफचे असते, ही वस्तुस्थिती पॉलिशच्या चर्चेत विसरली जाते. या पाट्यांतील गोंदातून फॉर्माल्डिहाइड वर्षानुवर्षे झिरपत राहते, उकाड्यात अधिक झिरपते, आणि सुतार दर्शनी बाजू चकाचक करून मागची बाजू व कडा उघड्या सोडतो, जिथून ते मोकळेपणी बाहेर पडते. कमी उत्सर्जनाची पाटी निवडणे आणि कडा, मागचे अंग, ड्रॉवरचे तळ झाकून घेणे, याने घरातील हवेचे जेवढे भले होते तेवढे दर्शनी भागाच्या महाग पॉलिशने होत नाही. व्हिनियर, म्हणजे पाटीवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा, एकदा जोराने घासला की फाटतो, त्यामुळे त्याच्यावर तर खरवडून काढावा लागेल असा लेप देऊच नये.

कामाच्या वेळेचा प्रश्न उरतो, आणि तिथे कारागिराचे किंवा सजावटकाराचे फारसे चालत नाही. हवामानाच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लाख, तेल आणि पाण्याचे पीयू या तिन्हींना मानवणारा काळ आहे, पण गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेचा ठरतो, म्हणजे पॉलिश चैत्र-वैशाखाच्या उन्हात करावे लागते. किंवा दसऱ्याचा ठरतो, म्हणजे ते भाद्रपदाच्या ओलीत येते. अशा वेळी घाई झेपणारा लेप म्हणून मेलामाइनकडे वळणे सोपे जाते आणि पुष्कळदा तसेच घडते. मुहूर्ताला दारे, देवघर आणि बैठकीची खोली तेवढी पुरी करून बाकीचे लाकूड तेलाच्या एका हातावर ठेवावे व दिवाळीनंतर उरलेले काम करावे, असे सुचवले तर काही कुटुंबे राजी होतात. दराचे गणितही उलटे आहे: चपड्याच्या कामात माल स्वस्त आणि मजुरी भारी, पीयूच्या कामात माल भारी, त्यामुळे चौरस फुटाच्या एकाच आकड्यात पहिले महाग दिसते, जरी त्यातील बहुतेक पैसा कंपनीऐवजी हाताला जात असतो. पुडीचा हात येणारे कारागीर नव्या पिढीत विरळ होत चालले आहेत, आणि काम मिळाल्याशिवाय तो हात कुणी शिकणार नाही.

या साऱ्यातून प्रत्यक्ष कामांत जी वाटणी रुळली आहे ती अशी: दारे, चौकटी, कपाटांची दर्शनी अंगे आणि पलंग यांना लाख, झोपाळा, पाट, पोळपाट ठेवायची फळी अशा हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंना जवसाचे तेल आणि वर थोडे मधमाशीचे मेण, आणि जेवणाच्या टेबलाचा पृष्ठभाग व स्वयंपाकघरातील सिंकजवळचे लाकूड एवढ्यापुरते पाण्याचे पीयू, तेही मेण निवळू देऊन वेगळ्या केलेल्या लाखेच्या एका हातावर, कारण मेणयुक्त लाखेवर ते धरत नाही. टेबलावरचा तो थर काही वर्षांनी खरवडावा लागेल, हे अंदाजपत्रकातच एका ओळीत लिहून दिले जाते.